त्या फिल्टरला पाना मी लावला होता

मला कुठलीही वस्तू नुसती बंद करून भागत नाही, ती आवळावी लागते. घरातल्या एकाही नळाचा वायसर माझ्या हाताखाली वर्षभर टिकलेला नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, तळहात लाल होईस्तोवर गॅसचा नॉब पिळायचा. बायको म्हणते, "तुम्ही नळ बंद नाही करत, त्याचा गळा आवळता." सगळे हसतात, मीही हसतो. पण याच खोडीपायी, आणि खोडीपेक्षाही माझ्या भित्रेपणापायी, एका चांगल्या कारागिराचं काम सुटलं. हे आमच्या घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

मानपाड्याला आमची भातशेती होती. माझ्या डोळ्यांदेखत ती कारखान्यांच्या आणि बिल्डिंगींच्या खाली गेली. उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी पत्र्याची शेड घातली आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा काढला. आम्हा आगऱ्यांत लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. अख्खं गाव जेवायला येतं. त्यासाठी लागणारे टोप, पराती, झारे, शेगड्या आमच्या शेडमधून जात, आणि ते सगळं वाहायला वडिलांनी घेतलेली पिकअप होती. मी धंद्यात आलो तेव्हाच ती म्हातारी झाली होती. डावीकडचं दार फक्त आतून उघडायचं, हॉर्न मनात आलं तर वाजायचा. इंजिन मात्र ठणठणीत होतं, आणि ते तसं राहिलं ते मेस्त्रींमुळे.

मेस्त्रींचं गॅरेज विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि हत्यारांचं एक लाकडी कपाट. साठी कधीच उलटलेली, अंगाने बुटके, पण हाताचे पंजे दुसऱ्याच कुणा उंच माणसाचे वाटावेत एवढे रुंद. अडकलेला नट ते आधी चिमटीत धरून फिरवून बघत, आणि पुष्कळदा तो फिरेही. वडिलांची आणि त्यांची मैत्री गाडीवरूनच झालेली. वडील गेले तेव्हा दहाव्याला आले, जेवले, आणि माणसं पांगल्यावर गुपचूप बॉनेट उघडून ऑइल बघत बसले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तिला काय ठाऊक मालक गेलाय ते. तिचं बघायला नको?" त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणी रडलो. मेस्त्री माझे कोण होते, हे कळावं म्हणून एवढं सांगितलं.

पिकअपचा डिझेल फिल्टर म्हणजे मोठ्या पेल्याएवढा पत्र्याचा डबा. इंजिनशेजारी एक बिडाची बैठक असते, तिला तो खालून पिळून बसवायचा. डिझेलमधला गाळ आणि पाणी त्यात अडकतं, म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो. कुणीही करावं असं काम. पण मेस्त्री ते करायला लागले की मी हातातलं टाकून बघत बसायचो. नवा डबा ते काठोकाठ डिझेलने भरत, तोंडावरच्या रबरी रिंगला बोटाने तेल फिरवत, आणि हाताने पिळायला लागत. रबर टेकलं की पाऊण फेरा. बस. त्यापुढे केसभरही नाही.

"हाताने बसवलेला हातानेच निघाला पाहिजे," ते म्हणत. "पाना लावला की रबर चेपतं, गरमीने चिकटून बसतं. मग पुढच्याला रडायची पाळी."

एवढं झालं की खिशातून एक चपटी डबी निघे. तिच्यात तेलात कालवलेला शेंदूर. काडीने त्याची एक रेघ ते बैठकीवरून खाली डब्यावर ओढत. रेघ अखंड आहे तोवर फिल्टर जागचा हललेला नाही, असं समजायचं. दुसरे मेकॅनिक अशा खुणेला रंग वापरतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रंगावर कुणीपण हात टाकतं रे. शेंदूर लावलेल्या वस्तूला माणूस उगाच शिवत नाही."

आणि कुणी शिवलंच, तर मेस्त्री त्या गाडीकडे पुन्हा फिरकत नसत. कल्याणच्या एका टेम्पोवाल्याने त्यांच्या कामावर पाना चालवला होता. तो माझ्यासमोर येऊन अर्धा तास गयावया करत होता. "ज्याने पाना लावला त्यालाच बोलव," एवढं एकच वाक्य मेस्त्री बोलले आणि बिडी पेटवून पाठ फिरवून बसले.

मी काय केलं ते आता सांगतो. नौपाड्यातल्या एका घरच्या मुंजीला भांडी पोचवायची होती. आदल्या दिवशीच मेस्त्रींनी फिल्टर बदलला होता आणि जाताना बजावलं होतं, "काठोकाठ भरलाय, सांडलेलं थोडं ओघळेल. एखाद दिवस वास मारेल. पुसायचं आणि गप्प बसायचं." सकाळी गाडी चालू केली तर डिझेलचा वास. बॉनेट उघडलं, फिल्टरच्या बुडाशी थेंब. पुसला. पुन्हा थेंब. पुन्हा पुसला, पुन्हा थेंब. मागे माणसं टोप चढवत होती, नौपाड्याहून दोनदा फोन येऊन गेला होता, आणि माझे हात शिवशिवायला लागले. आमच्या शेडमध्ये चेन पाना होता. मी तो आणला, डब्याभोवती साखळी घातली आणि सगळं अंग टाकून चांगला अर्धा फेरा आवळला.

थेंब तरीही आलाच. तो फिल्टरमधून येतच नव्हता, बैठकीच्या खोबणीत सांडून राहिलेलं डिझेल ओघळत होतं. शिळफाटा येईपर्यंत तो आपोआप थांबला आणि वासही गेला. मेस्त्री म्हणाले होते अगदी तसंच.

पण निघण्याआधीच माझं लक्ष रेघेकडे गेलं होतं. ती मधोमध तुटली होती. अर्धी वर बैठकीवर, अर्धी डब्याबरोबर फिरून पार पलीकडे गेलेली. उलटा फिरवून परत आणावा म्हटलं, तर मध्ये हवा शिरायची भीती. डिझेलच्या गाडीत हवा शिरली की ती चालू होता होत नाही, आणि मुंजीची भांडी तिथेच राहिली असती. मेस्त्रींना फोन करून सांगावं, तर तो टेम्पोवाला डोळ्यांसमोर आला. मी फडकं डिझेलमध्ये बुडवून दोन्ही अर्ध्या रेघा पुसल्या. देवघरात जाऊन शेंदूर घेतला, तेलात कालवला आणि काडीने नवी रेघ ओढली. मेस्त्रींची रेघ खाली येताना जराशी उजवीकडे कलायची. माझी मी तशीच कलवली. एवढी अक्कल मला त्या वेळी बरोबर सुचली.

आई ओट्यावर बसली होती. माझ्या हातातली वाटी बघून म्हणाली, "गारीला शेंदूर लावतंस? बरा केलास." मी मान हलवली.

त्यानंतरच्या थंडीत गाडी चढावर दम सोडायला लागली. पत्री पुलावर तर भरल्या गाडीने मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. फिल्टर चोंदलाय हे मलाही कळत होतं, पण मी दोन आठवडे टाळाटाळ केली. शेवटी मेस्त्रींना बोलावलं. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन आले, बाही वर केली, फिल्टरवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि रेघ बघून समाधानाने म्हणाले, "आहे जागच्या जागी."

त्यांनी पंजात डबा धरला आणि पिळला. काही नाही. पवित्रा बदलून पुन्हा पिळला. मग हाताचं तेल पुसलं, डब्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मानेच्या शिरा टरारल्या. डबा ढिम्म. मला म्हणाले, "थंडीने धरलाय," आणि हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग जुना पट्टा गुंडाळून झाला, इंजिन थोडं गरम करून झालं. तासाभराने त्यांनी न मागायची ती गोष्ट मागितली. "तुझ्याकडे चेन पाना आहे ना?" तो मीच आणून दिला. साखळी कसली तसा पत्रा चेपला, पण रिंग सुटली नाही. शेवटी त्यांनी मोठा स्क्रू ड्रायव्हर डब्यातून आरपार ठोकला आणि त्याचा दांडा करून फिरवायला गेले. डिझेल त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं आणि डबा टराटरा फाटला. वर बैठकीला चिकटलेली त्याची नुसती किनार उरली.

मेस्त्री खाली बसले. चाकाला पाठ टेकून. आपले पंजे उलटेसुलटे करून बघत म्हणाले, "खूण हललेली नाही. म्हणजे हा मीच बसवलाय, हाताने. आणि माझ्याच हाताने बसवलेलं मला निघत नाही."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते चिडले असते, शिव्या दिल्या असत्या, आमच्या गाडीचं तोंड पुन्हा बघितलं नसतं. पण त्यांचे हात त्यांच्यापाशी राहिले असते. मला हे त्याच वेळी कळत होतं, म्हणून तर माझा गुन्हा मोठा. नंतर सुचलं असतं तर निदान मूर्ख म्हणून सुटलो असतो. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "मेस्तरी, चा घ्या आधी. गारी काय पलून जात नाय." मी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि गप्प बसलो. आईचं काय चुकलं? तिच्या चहामागे मी लपलो.

रस्त्यापलीकडे एक गॅरेज होतं. तिथला पस्तिशीचा मेकॅनिक आमची खटपट केव्हाचा बघत होता. तो छन्नी-हातोडी घेऊन आला. "काका, सरका जरा." उरलेल्या किनारीवर त्याने छन्नी तिरकी धरून पाच-सहा ठोके दिले आणि रिंग फिरून हातात आली. माणूस वाईट नव्हता. उलट फार आदराने बोलला, "या वयात कशाला त्रास घेता काका? मला हाक मारायची ना."

त्याने छाती काढून चार शब्द सुनावले असते तर मेस्त्रींनी त्याला सोडला नसता, इतकं मला ठाऊक आहे. आदराशी मात्र त्यांना भांडता येईना. मी नवा फिल्टर त्यांच्यापुढे धरला तर म्हणाले, "त्यालाच बसवू दे." त्याने बसवला. मेस्त्रींचा हात सवयीने खिशाकडे गेला, डबी चाचपली आणि तसाच बाहेर आला. त्या फिल्टरला रेघ ओढलीच गेली नाही. मग आमच्या नळावर त्यांनी साबणाने किती तरी वेळ हात धुतले, आणि मी रिक्षापर्यंत त्यांची पिशवी नेली. एरवी पिशवीला ते कुणाला हात लावू देत नसत.

महिन्याभरात त्यांनी गॅरेज बंद केलं. हत्यारं कपाटासकट कुणाला तरी देऊन टाकली. कुणी विचारलं की म्हणत, "हात गेले." मला ही बातमी एका रिक्षावाल्याने सांगितली आणि मी "वय झालं की असं व्हायचंच" म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

जाऊन सांगायचं मी रोज ठरवत होतो. आधी लग्नसराई होती. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मग वाटायला लागलं, आता जखम कशाला उकरायची, सत्तरीच्या माणसाने आराम केलेलाच बरा. मनाला पटवणं मला छान जमतं. अशी दोन वर्षं गेली. एकदा कल्याणच्या भाजी मार्केटमध्ये मेस्त्रींच्या बायको, काकू, भेटल्या. म्हणाल्या, "दिवसभर खुर्चीत बसून असतात. पुतण्याची मोटारसायकल दारात बंद पडली, तर उठून खाली बघायलासुद्धा गेले नाहीत. आधी काय माणूस होता हो." मी त्यांच्या दोन्ही जड पिशव्या उचलल्या आणि रिक्षात नेऊन ठेवल्या. जणू तेवढ्याने काही फिटणार होतं. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विठ्ठलवाडीला गेलो. मेस्त्री बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेले. मला बघून खरंच आनंदले. गाडी कशी आहे, आई कशी आहे, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "मेस्त्री, मला एक सांगायचंय. ते ऐकल्यावर मला हाकलून दिलंत तरी चालेल."

मग सांगितलं. काहीच गाळलं नाही. मुंज, थेंब, चेन पाना, अर्धा फेरा, फडकं, देवघरातला शेंदूर. "तुमच्या हातांना काही झालेलं नव्हतं," मी म्हणालो. "तो फिल्टर कुणालाच हाताने निघाला नसता. मी आवळलेला तो." मेस्त्री माझ्याकडे एकटक बघत होते. मी वाट बघत होतो शिवीची. मला ती हवी होती.

मेस्त्री हळूच हसले. आत बघून बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? हा बघ काय सांगायला आलाय. म्हणे मीच पाना लावलेला."

"मेस्त्री, खरं सांगतोय."

"अरे, काल ही तुला मार्केटात भेटली, रडगाणं गायली, आणि आज तू आलास. मला काय कळत नाही?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "खूण मी माझ्या डोळ्यांनी बघितलेली. माझी खूण मला ओळखता येणार नाही होय?"

मी पुन्हा सांगितलं. रेघ उजवीकडे कलवल्याचं सांगितलं. आईचं बोलणं सांगितलं, तिला फोन लावून विचारा म्हणालो. जितकं जास्त सांगावं तितके ते जास्त विरघळत होते. "बघ," बायकोला म्हणाले, "किती विचार करून आलाय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतोय. बापाच्या वरताण निघाला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

खरं लिहायचं तर त्या वेळी मला आतून सुटल्यासारखं वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आपलं काम झालं. दोन वर्षांचं ओझं क्षणात हलकं झालं, तेही फुकट, वर कौतुक पदरात पाडून. आणि लगेच स्वतःची किळस आली. त्यांना पटेल असं मी एकटाच सांगू शकत होतो आणि तेही एकदाच, त्या रविवारी, चाकाला टेकून ते बसले होते तेव्हा. ती वेळ मी चहाच्या ट्रेबरोबर घालवली होती. आता मी खरं बोललो काय आणि खोटं बोललो काय, त्यांच्या लेखी तो माझा चांगुलपणाच होता.

काकूंनी चहा आणला आणि चिवड्याची बरणी मेस्त्रींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि झाकणाला हातही न लावता बरणी माझ्याकडे सरकवली.

"उघड रे तूच. माझ्याने नाही व्हायचं."

मी झाकण धरलं. ते फिरवावंही लागलं नाही. नुसतं वर ठेवलेलं होतं.